‘ठपका ठेवला’ म्हणजे दोष सिद्ध झाला का?

‘चौकशी समितीने अमुक अधिकाऱ्यावर ठपका ठेवला’ अशी बातमी वाचल्यावर तो अधिकारी दोषी ठरला असे समजावे का, आणि ‘जबाबदार धरले’ याहून त्यात वेगळे काय, असे आपण विचारले आहे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका कार्यालयात मी बरीच वर्षे चौकशी अहवालांचे मराठी मसुदे केले, म्हणून सविस्तर लिहितो.

ठपका म्हणजे एखाद्या चुकीबद्दल कोणाच्या नावावर नोंदवलेला दोष. शेजारी दोष देतो, विरोधक आरोप करतो. ठपका ठेवणारा मात्र बहुधा तपासणारा किंवा अधिकाराने वरचा असतो. घरात ‘सगळ्यांनी सुनेवरच ठपका ठेवला’ असे आपण म्हणतो, तेव्हाही घरची मंडळी निवाड्याला बसल्यासारखी वागली, हेच त्यातून सुचवायचे असते.

तो सिद्ध झाला की नाही, हे शब्दावरून कळत नाही. कोणी आणि कुठे ठेवला, ते पाहावे लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये ‘ठपका ठेवणे’ ही किरकोळ शिक्षांपैकी पहिली शिक्षा आहे. कर्मचाऱ्याला लेखी कळवून, त्याचे म्हणणे मांडण्याची संधी देऊन मगच ती देता येते. म्हणजे तिथे ठपका हा प्रकरणाचा शेवट असतो. याउलट, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत आपल्याकडे ‘कॅगचा ठपका’ असे मथळे येतात, तेव्हा तो कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, लेखापरीक्षणाचा निष्कर्ष असतो. अहवाल पुढे विधिमंडळाच्या लोकलेखा समितीसमोर जातो आणि विभागाला तिथे खुलासा करता येतो. चौकशी समितीचा ठपकाही याच दुसऱ्या प्रकारचा, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘अजून नाही’ असे आहे.

हा फरक न कळल्याने माणसाचे किती नुकसान होते, ते मी पाहिले आहे. आमच्या एका सहकाऱ्यावर नोंदवहीत उशिरा नोंद घेतल्याबद्दल ठपका ठेवला गेला. वस्तीत मात्र त्याने पैसे खाल्ले अशी बोलवा झाली, आणि ती वर्षभर शमली नाही. त्या आदेशाचा मसुदा माझा होता. कशाबद्दल ठपका, हे मी पहिल्याच वाक्यात लिहायला हवे होते, याची खंत मला आजही आहे.

‘जबाबदार’ या शब्दात ‘जबाब’ आहे: ज्याने उत्तर द्यायचे तो. म्हणून जबाबदार धरलेल्या माणसाला बोलायला अजून जागा असते. निर्जीव गोष्टींना हे दोन्ही शब्द लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात घराघरांत पाणी शिरले, त्याला अतिवृष्टी कारणीभूत होती. पावसाला कोणी जाब विचारत नाही. पाण्याची वाट मोकळी ठेवणे ज्याचे काम होते, तो जबाबदार. त्याने ते काम केले नाही असे चौकशीत आढळले, तर त्याच्यावर ठपका. आणि चौकशीआधीच प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, तर त्याला मराठीत खापर फोडणे म्हणतात.