लिंक्डइनवर लाइक येतात, पण जॉबवर्कची एन्क्वायरी येत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की भोसरीत जॉबवर्कचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवून देणारं, तीन मशीनचं शॉप आहे (दोन व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारी मिलिंग मशीन, एक सीएनसी लेथ), ८० टक्के काम एकाच पार्टीचं आहे आणि आठ महिने रोज पोस्ट टाकूनही एक ड्रॉइंग आलेलं नाही. आधी त्या पोस्टना लाइक कोण करतंय ते उघडून बघा. बहुतेक नावं इतर जॉबवर्कवाल्यांची, टूल विकणाऱ्यांची आणि नोकरी शोधणाऱ्या मुलांची निघतील. ज्याच्या हातात काम असतं तो लाइक करत बसत नाही. त्याचा नेहमीचा व्हेंडर तारीख चुकवतो, तेव्हा तो शोधायला लागतो. त्या वेळी तुम्ही सापडायला हवं.

म्हणून सुरुवात नावाखालच्या ओळीपासून. तिथे २२० अक्षरं मिळतात आणि ‘प्रोप्रायटर’ लिहून ती वाया जातात. तिथे काम लिहा: अ‍ॅल्युमिनियम आणि एसएस (स्टेनलेस स्टील) पार्ट्सचं व्हीएमसी मशिनिंग, २० ते ३०० नग, भोसरी, पुणे. हे इंग्रजीत लिहा, कारण परचेसवाला इंग्रजीतच शोधतो. खाली ‘अबाउट’मध्ये टेबलचा ट्रॅव्हल, म्हणजे ते किती सरकतं (समजा ८०० × ५०० × ५०० मिमी), लेथवर जास्तीत जास्त किती व्यास आणि लांबी बसते, कोणतं मटेरियल रोज चालतं, मोजायला काय आहे आणि सीएमएम (अचूक मोजमापाचं मशीन) रिपोर्ट बाहेरून करून देता का, एवढं पुरे. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दिवसभर न चुकता जमतो तोच लिहा. ±०.०२ मिमी लिहिणाऱ्यावर विश्वास बसतो. ±०.००५ लिहून मोजायला फक्त व्हर्निअर आणि हाइट गेज असेल, तर जाणता इंजिनिअर तिथेच पान बंद करतो. ‘सर्व प्रकारची कामं केली जातील’ हे वाक्य तर काढूनच टाका, त्यातून कोणाला काहीच कळत नाही.

आता कोणाला शोधायचं. मोठ्या गाडी कंपन्यांच्या मागे लागू नका. तिथे बहुतेक वेळा आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) मागतात आणि तीन मशीनच्या शॉपला ते दार लवकर उघडत नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे एसपीएम (एखाद्या खास कामासाठीची मशीन) बनवणारे, पॅकेजिंग आणि फार्मा मशिनरीवाले, पंपवाले, ऑटोमेशन आणि ड्रोनचे नवे उद्योग. त्यांना एका पार्टचे पाच-पन्नास नग लागतात आणि मोठा व्हेंडर तेवढ्यासाठी सेटिंग लावत नाही. सर्चमध्ये ‘पीपल’ निवडून ठिकाण पुणे ठेवा आणि पदाच्या जागी सोर्सिंग, व्हेंडर डेव्हलपमेंट, एनपीडी (नवीन उत्पादन विकास) हे शब्द आळीपाळीने टाका. माझ्या मते लहान शॉपसाठी एनपीडीचा माणूस परचेस मॅनेजरपेक्षा मोलाचा, कारण प्रोटोटाइपची घाई त्याला असते.

रिक्वेस्ट रोज दहा-बाराच पाठवा. आठवड्याला शंभराच्या आसपास गेलात की लिंक्डइन हात आखडतं, आणि न स्वीकारलेल्या रिक्वेस्टचा ढीग साचला तर खात्यावर बंधन येऊ शकतं. जुन्या रिक्वेस्ट अधूनमधून मागे घ्या. फुकटच्या खात्यावर सोबतची नोट २०० अक्षरांत बसवावी लागते आणि महिन्याला मोजक्याच नोटा मिळतात, त्या नेमक्या माणसांसाठी राखा: ‘नमस्कार. भोसरीत व्हीएमसी जॉबवर्क. अ‍ॅल्युमिनियम/एसएस, २० ते ३०० नग. एनपीडी पार्टचं ड्रॉइंग पाठवल्यास २४ तासांत कोटेशन.’ समोरच्याने स्वीकारलं की लगेच ब्रोशर ढकलू नका. दोन दिवसांनी एवढंच विचारा: ‘आपल्याकडे व्हेंडर रजिस्ट्रेशन कोण बघतं?’ ह्याचं उत्तर एका नावात देता येतं, म्हणून ते मिळतं.

पोस्ट आठवड्याला एक पुरे. पण फोटोची काळजी घ्या, खरा धोका तिथे आहे. गिऱ्हाइकाचा पार्ट त्याच्या परवानगीशिवाय टाकणं म्हणजे एनडीए (गुप्ततेचा करार) केला असेल तर तो मोडणं. पार्ट नसला तरी मागे जॉब कार्ड लटकलेलं असतं, टेबलावर ड्रॉइंग पसरलेलं असतं आणि टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीतलं) कंपनीचं नाव झूम करून वाचता येतं. कास्टिंगवर उठलेला लोगोही दिसतो. ज्या परचेसवाल्याला तुम्ही जोडू बघताय, तोच हे पाहून ठरवतो की उद्या आपलं ड्रॉइंगही असंच बाहेर जाईल. त्यापेक्षा तुम्ही बनवलेलं फिक्स्चर (पार्ट मशीनवर धरून ठेवणारी पकड) दाखवा: कूलंट पुसून, पांढऱ्या कागदावर, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. पातळ भिंतीचा पार्ट क्लॅम्प केल्यावर वाकत होता, तो कसा थांबवला, ते चार ओळींत लिहा. ‘सी मोअर’च्या आधी दोन-तीनच ओळी दिसतात, म्हणून अडचण पहिल्या ओळीत यावी.

ड्रॉइंग आलं की कबूल केलेले २४ तास पाळा. कोटेशनमध्ये मटेरियल, मशिनिंग, अ‍ॅनोडायझिंग, पॅकिंग वेगळं दाखवा, जीएसटी वेगळा, आणि दर किती दिवस चालेल तेही. समजा मशीनचा तासाचा दर ६०० आणि सायकल टाइम १२ मिनिटं, तर एका नगाच्या मशिनिंगचे १२० रुपये होतात. सेटिंगचा वेळ त्यात धरायचा राहून जातो आणि २० नगांच्या ऑर्डरीत तोटा तिथेच होतो.

व्हेंडर रजिस्ट्रेशनसाठी कोणी पैसे मागितले तर थांबा, बहुधा ती फसवणूकच असते. जीएसटी नंबर पोर्टलवर तपासा, मेल कंपनीच्याच डोमेनवरून आलाय का बघा आणि कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन लावा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर पहिली ऑर्डर घेण्याआधी करून घ्या आणि नंबर इन्व्हॉइसवर छापा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. अनोळखी पार्टीकडून पहिल्या ऑर्डरीला मटेरियलपुरता अ‍ॅडव्हान्स मागायला लाजू नका.