पक्षाघातानंतर वडिलांना रिहॅब सेंटरमध्ये भरती करावं की घरीच फिजिओ लावावा?

भरती करा. तुम्ही लिहिलंय की डॉक्टर रिहॅबला, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, न्या म्हणतात आणि थोरले भाऊ म्हणतात, "घरी बायका आहेत, फिजिओ रोज येईल, आणखी काय पाहिजे?" हेच वाक्य आमच्या मामांनी म्हटलं होतं, म्हणून जरा लांब लिहितेय.

आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ती ६२ वर्षांची होती. कराडजवळ आमचं घर. रुग्णालयाने जीव वाचवला, पण सोडताना तिला आधाराशिवाय बसता येत नव्हतं आणि लघवीची नळी तशीच होती. डॉक्टरांनी पुण्याचं रिहॅब सुचवलं. मामा कडाडले, "सून घरात असताना बहिणीला परक्यांच्या हाती टाकणार?" कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगत होतं, कुणी अंगारा आणत होतं. दादा गप्प. मी एफडी मोडली आणि आईला पुण्याला नेलं.

पहिल्याच दिवशी तिथे बार्थेल इंडेक्स काढला. जेवण, अंघोळ, कपडे, लघवी-संडास, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना अशा दहा गोष्टींत माणूस किती स्वावलंबी आहे त्याचे शंभरपैकी गुण. आईला २० मिळाले.

जेवायला बसवलं तर ती ताटातलं उजवीकडचं तेवढं खायची. भाजी, आमटी संपायची, कोशिंबीर, चटणी, लिंबू तसंच राहायचं आणि "आज डावं काहीच नाही का वाढलं?" असं विचारायची. डोळे चांगले होते. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की डावी बाजू आहे हेच कधीकधी माणसाच्या ध्यानात येत नाही. रुग्णालयात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिथे तिला भरवत होते. ओटीवाल्या ताईंनी (ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं) तिची आवडती शेंगदाण्याची चटणी मुद्दाम पार डाव्या कडेला ठेवायला सुरुवात केली आणि मान वळवून शोधायला लावलं. भेटायला येणाऱ्यांनीही डावीकडेच बसायचं. घरी येऊन पाऊण तास पाय हलवून जाणारा फिजिओ, कितीही चांगला असला तरी, हे कधी करणार?

मग तो ब्लाउजचा दिवस. मामा भेटायला आले तेव्हा आई एका हाताने ब्लाउज घालत होती. आधी लुळा हात बाहीत, मग चांगला, असा नियम असतो. बाही पुन्हा पुन्हा निसटत होती, घाम फुटला होता, आणि सिस्टर शेजारी नुसती उभी. मामा तिच्यावर ओरडले, "पैसे कशाचे घेता? माणूस रडकुंडीला आलंय!" आई त्यांना म्हणाली, "तू बाहेर थांब." आणि तिने तो ब्लाउज घातला. मला त्या क्षणाइतका आईचा अभिमान कधीच वाटला नाही.

मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. उरलेला मेंदू ते काम नव्याने शिकतो, आणि शिकतो तो तेच काम पुन्हा पुन्हा करून. पहिल्या तीन महिन्यांत हा वेग सगळ्यात जास्त असतो. नेमके तेच महिने आपण भरवण्यात, उचलण्यात, नेसवण्यात घालवतो आणि त्याला सेवा म्हणतो. रिहॅबमध्ये अख्खा दिवसच व्यायाम असतो: ठरलेल्या वेळी संडासला नेऊन नळी सोडवणं, गिळणं तपासून मग पाणी देणं, खुर्चीत बसूनच जेवण. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनीही, रुग्णाला झेपत असेल तर नुसत्या शुश्रूषा केंद्रापेक्षा भरती करून घेणारं रिहॅबच निवडा असं सांगितलंय.

घरी आली तेव्हा आईचे गुण ८५ होते. पायात स्प्लिंट (आधाराची पट्टी) आणि हातात चार पायांची काठी घेऊन चालते, संडासला एकटी जाते, स्टुलावर बसून अंघोळ करते. ब्लाउजला हुकांऐवजी वेल्क्रो लावलंय, साडीच्या निऱ्या शिवून घेतल्यात. डावा हात मात्र फारसा परतला नाही.

मामा अजून म्हणतात, "घरी आणली असती तरी वेळ गेल्यावर सुधारलीच असती." थोडं आपोआप सुधारतं, मान्य. पण आपोआप कुणी एका हाताने ब्लाउज घालायला शिकत नाही.

खर्च बराच येतो. मेडिक्लेमवर विसंबू नका. 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर' हे बहुतेक पॉलिसींच्या अपवादांत असतं, म्हणजे पुनर्वसनाचा खर्च मिळत नाही, आधी कागद वाचा. मुंबई जवळ असेल तर हाजी अलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे चौकशी करा. पाटी रिहॅबची आणि आत नुसत्या खाटा, अशीही ठिकाणं आहेत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि गिळणं-बोलणं बघणारे आहेत का, दिवसाचे किती तास करून घेतात, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. वडील अजून गुंगीत असतील किंवा बीपी, हृदय स्थिर नसेल तर घाई नको, डॉक्टरांचं ऐका. जवळपास चांगलं केंद्रच नसेल तर घरी ओटी आणि फिजिओ दोघेही लावा. वडील सारखे रडत असतील, कशात मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्याला औषध आहे.

आणि चांगल्या केंद्रात सोडण्याआधी घरच्या माणसाला शिकवतात: खुर्ची चांगल्या बाजूला कशी लावायची, उठवताना लुळा हात का ओढायचा नाही, कुठे हात द्यायचा आणि कुठे नाही. आमच्याकडे त्यासाठी वहिनीने नोकरीतून रजा काढली. मामा आणि दादा आले नाहीत. तुमच्याकडे त्या शिकवणीला थोरल्या भावांना बसवा.