ट्रम्पेटचे पार्ट महाग, म्हणून आधी हे बघ

पिस्टनचा, म्हणजे बोटांनी दाबल्यावर वरखाली होणाऱ्या दट्ट्यांचा, सेट मागवायची घाई करू नकोस. प्रत्येक पिस्टन आपापल्या नळीत घासून बसवलेला असतो, दुसऱ्या ट्रम्पेटचा चालत नाही. म्हणूनच तो खिसा रिकामा करतो. अडकतोय ना? कोमट पाण्याने धू, नीट पूस, व्हॉल्व्ह ऑइलचे (पिस्टनसाठीच्या पातळ तेलाचे) चार थेंब टाक. खोबरेल अजिबात नको, चिकटून बसतं.

- पिस्टन परत घालताना त्यावरचे १, २, ३ हे आकडे बघ. अदलाबदल झाली की फुंकर आतच अडते आणि नवशिके म्हणतात, ‘वाद्य बिघडलं!’
- माउथपीस (तोंडाला लावायचा भाग) रुतलं तर पक्कड लावू नकोस. नळी पिळवटली की खरा खर्च. फेस्ताला (चर्चच्या सणाला) वाजवणाऱ्या बँडवाल्यांकडे पुलर, म्हणजे माउथपीस ओढून काढायचं साधन, विचार.

आपल्याकडच्या पावसाळ्यात वाजवून झाल्यावर आतलं पाणी काढायचंच. फेल्टच्या मऊ चकत्या, कॉर्क, स्प्रिंग स्वस्त असतात, ते बिनधास्त बदल.