पाचलाच मोकळा होतो, म्हणजे मी आळशी झालोय का?

"मॅडम, मी आळशी झालोय." व्हिडिओ कॉलवरचं पहिलंच वाक्य. मुलगा डोंबिवलीचा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), तीन वर्षं ऐरोलीला आयटीत, म्हणजे 8:13ची फास्ट पकडून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बर लाइनची लोकल, रात्री घरी यायला साडेनऊ. मग घर तारण ठेवून एज्युकेशन लोन आणि जर्मनीत मास्टर्स. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं, मी समुपदेशक, डिसेंबर आला की असे एकदोन कॉल मला दादरला येतातच.

तक्रार काय, तर लेक्चर्स आठवड्याला जेमतेम सोळा तास, रविवारी दुकानं बंद, प्रोफेसरना मेल केला की उत्तर चार दिवसांनी, याने मधे तीन रिमाइंडर टाकलेले, त्यातला एक रविवारी रात्री. लॅबमधली मंडळी पाचला "फायरआबेंड" म्हणजे आजचं काम संपलं असं म्हणून निघतात आणि हा रूमवर पोटात गोळा घेऊन बसतो. बाबांचे पैसे वाया घालवतोय असं वाटतं म्हणाला.

मी आधी चुकलेच. छंद वगैरे जोपास असं सांगून मोकळी झाले. पुढच्या सेशनला पठ्ठ्याने एक्सेल शीट दाखवली, 5:15 ते 6 चालणे, 6 ते 6:40 गिटार, शेजारी टार्गेट पूर्ण झालं का याचा कॉलम!

मग आम्ही हिशोबच मांडला. तिथे एक क्रेडिट म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचं काम धरतात आणि सेमिस्टरला 30 क्रेडिट्स, म्हणजे 750 ते 900 तास. लेक्चर त्यातला छोटा भाग, बाकीचं आपलं आपण वाचायचं आणि बहुतेक परीक्षा एकदम शेवटी, मधे कोणी विचारत नाही. आपल्याकडे बॉस, ट्रेन, डेडलाइन ढकलत असतात आणि दमलो म्हणजे काम झालं अशी शरीराला सवय लागते, तिथे ढकलणारंच कोणी नाही. आठवडाभर नोंद ठेवायला लावली तर लॅपटॉप रोज अकरा तास उघडा, खरा अभ्यास चार तास, बाकी मेल रिफ्रेश आणि लिंक्डइनवर जुन्या टीममधल्यांची प्रमोशन्स बघणं. तेव्हा सहा तास नीट बस आणि मग झाकण बंद कर, एवढंच ठरवलं. पहिले दहा दिवस त्याला फार जड गेले.

पण खरी मेख वेगळीच निघाली. रोज आपल्या साडेनऊला, म्हणजे हिवाळ्यात तिथल्या पाचला, आईचा फोन. "आज काय केलंस रे?" आणि हा काहीतरी बनवून सांगायचा, रात्री त्याचंच अपराधी वाटून झोप नाही. एका सेशनला आईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "अहो, मी सहज विचारते, तिकडचं मला दुसरं काय कळतंय?" आता त्या भाजी कुठली केलीस ते विचारतात.

झोप दोन-तीन आठवडे उडालेली असेल, खाणंपिणं सुटलं असेल तर मात्र हे नुसतं संथपणाचं प्रकरण समजू नका, तिथल्या स्टुडिएरेंडनवेर्कमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय बघणाऱ्या संस्थेत, समुपदेशक असतात, त्यांना गाठा. याला तशी गरज पडली नाही. रविवारी रात्री मेल तो अजून लिहितोच, फक्त शेड्यूल करून ठेवतो, सोमवार सकाळ 8:13.