सुबाभूळ तोडली म्हणजे गेली असं नाही

पहिला पाऊस पडला की तेच प्रश्न येतात, म्हणून एकत्रच उत्तरं देतेय.

प्रश्न: प्लॉटवर गाजर गवत माजलंय, फुलंही आलीत. जाळू का?

नको. हातमोजे, मास्क घालून उपटा, ओल आहे तोवर मुळासकट येतं. अंगाला खाज सुटत असेल किंवा दम लागत असेल तर तुम्ही हातच लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: घाणेरी दरवर्षी छाटतो, दरवर्षी जास्तच दाट येते.

छाटताय म्हणूनच. जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून वाळू द्या.

प्रश्न: कंपाउंडलगतच्या तीन सुबाभळी दोनदा तोडल्या, पुन्हा फुटल्या. कुणी म्हणतं बुंध्यात हिंग भरा, कुणी ॲसिड ओता म्हणतं. दुकानदार एक औषध देतोय, बाटलीवर लेबल नाही.

लेबल नाही तर ती बाटली घरात आणूच नका! ॲसिड, मीठ, रॉकेल यातलं काहीही ओतलंत तर माती खराब होते, आणि शेजारी विहीर किंवा बोअर असेल तर विचारायलाच नको. ग्लायफोसेट हे तणनाशक तर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं, असा आदेश केंद्राने 2022 मध्ये काढला होता, तरी लोक सर्रास स्वतः फवारतात. आणि सगळे बुंध्याच्याच मागे लागलेत, खरा घोळ शेंगांचा आहे. एक वाळलेली शेंग सोलून बघा, आत पंधरा-वीस चपट्या चकचकीत तपकिरी बिया असतात, कवच इतकं टणक की मातीत कित्येक वर्षं तशाच पडून राहतात, तुम्ही झाड तोडलंत की जागा मोकळी होऊन त्यातल्या बऱ्याच उगवतात. म्हणून शेंगा हिरव्या असतानाच झाड काढा, जमिनीलगत कापा, फुटवे दर पंधरा दिवसांनी मोडा, आणि रोपं वीतभर आहेत तोवर पावसात उपटा, एकदा सोटमूळ खोल गेलं की कुदळ लागते. हे निदान तीन-चार पावसाळे करायचंय, "पुढच्या वर्षी बघू" अजिबात चालणार नाही. महाराष्ट्रात शहरात असाल तर 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा, आणि भिंतीखाली मुळं गेली असतील तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय खणू नका.

प्रश्न: विकतची लाल माती टाकून लॉन केलं, आता सगळीकडे लव्हाळा. रोटाव्हेटर फिरवू?

मुळीच नको. एक रोप हळूच खणून बघा, दोऱ्यात मणी ओवल्यासारख्या काळ्या गाठी दिसतील, रोटाव्हेटरने त्या तुटून अंगणभर पसरतात. माती विकणारे "एकदम स्वच्छ" म्हणतात आणि गाठींसकट ट्रॉली रिकामी करून जातात. पुढच्या वेळी आधी घमेलंभर चाळून बघा. आत्ता मात्र जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात गाठींसकट रोप घेऊन जा, लॉन कुठलं आहे ते सांगा, आणि ते सांगतील तेच करा.