पानाफुलांची चित्रं सपाट दिसतात, शेडिंग कसं सुधारावं?

तुम्ही लिहिलंय की रेषा बरोबर येते, पान ओळखू येतं, पण शेडिंग केलं की सगळं राखाडी आणि सपाट होतं. मीही इथेच दोनेक वर्षं अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्यातल्या बहुतेकांचा हात शाळा-कॉलेजच्या जर्नलवर बसलेला असतो. तिथे एकसलग रेष काढायची, नावं द्यायची आणि शेडिंग अजिबात करायचं नाही. परीक्षेपुरतं ते ठीकच आहे, पण त्यामुळे हात गडद करायला घाबरतो. जुन्या वह्या काढल्या तेव्हा दिसलं, की अख्खं चित्र मी एकाच एचबी पेन्सिलीने, एकाच दाबाने भरत होते. कागदाचा पांढरा कुठे उरला नव्हता आणि खरा काळा कुठे आला नव्हता.

म्हणून आधी एक पट्टी करा. पाच चौकोन, पहिला कोरा, शेवटचा ४ बी या मऊ, गडद पेन्सिलीने होईल तितका काळा, मधले तीन पायरीपायरीने. चित्र झालं असं वाटलं की पट्टी शेजारी धरा. पाचवा चौकोन चित्रात कुठेच सापडला नाही, तर अजून काम बाकी आहे.

उजेड एकाच बाजूने हवा. टेबललॅम्प डावीकडे, थोडा वर ठेवा. वनस्पतींच्या चित्रांत उजेड डावीकडून वरून येतो असं धरायचा प्रघातच आहे. खाली कागदावर पडणारी सावली काढत नाहीत, पण एका पाकळीची दुसरीवर पडलेली सावली सोडू नका. खोली तिथूनच येते.

आता पेरूचं पान घ्या. शिकायला याच्यासारखं पान नाही. सुरुवातीला सगळे शिरा म्हणून काळ्या रेघा मारतात. नीट बघा, शीर आजूबाजूच्या हिरव्यापेक्षा फिकी असते. तिला काढायचं नाही, दोन्ही बाजूंनी छटा देऊन तिची जागा राखायची. उताण्या पानावर शीर खाली दबलेली असते, एखाद्या बारीक दरीसारखी. उजेड डावीकडून आला की दरीचा डावा उतार सावलीत जातो आणि उजवा उजळतो. पान पालथं करा. तीच शीर आता बांधासारखी वर आलेली दिसेल, आणि डावी बाजू उजळ, उजवी सावलीत, सगळं उलट. दोन शिरांमधला भाग टाके घातलेल्या गोधडीसारखा फुगलेला असतो, त्यालाही स्वतःची उजळ आणि काळोखी बाजू असते. पण हे सगळं नंतर. आधी २ एच या कडक, फिक्या पेन्सिलीने अख्ख्या पानाचा बाक दाखवा, शिरा नाहीतच असं समजून. तो क्रम चुकला की पान इस्त्री केल्यासारखं दिसतं.

देठ, फांदी, फळ यांच्या सावलीच्या बाजूला सर्वांत गडद पट्टा अगदी कडेला नसतो, किंचित आत असतो. कडेला परतलेल्या उजेडाची बारीक फिकी कड सोडा, देठ लगेच गोल होतो.

लाल जास्वंद अवघड का जाते सांगते. डोळ्याला लाल आणि हिरवा अगदी वेगळे वाटतात, पण पेन्सिलीत दोघांची छटा बरेचदा जवळपास सारखीच येते. मोबाईलवर फोटो काढून कृष्णधवल करून बघा. अशा वेळी फुलामागचं पान मुद्दाम एक पायरी गडद करावं आणि त्याची चकाकी कोरी ठेवावी. तगरीचं उलट. पाकळ्यांना जाड कड देऊ नका, मागे गडद पान आणा, पांढरा आपोआप उठतो.

हाच कृष्णधवल प्रयोग जुन्या रंगीत चित्रांवरही करून बघा. पुण्याजवळच्या दापोडीला, तेव्हाच्या दापुरीला, सरकारी वनस्पती उद्यान होतं. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तिथल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. ज्याच्या हातून ती उतरली त्याचं नाव मात्र माहीत नाही, याची मला कायम चुटपुट लागते.

सामान थोडंच लागतं. २ एच, एचबी, २ बी, ४ बी आणि गुळगुळीत कागद. खरखरीत कागदावर बारीक शिरा फुटतात. बोटाने घासून छटा मऊ करू नका, त्याने कागद मळतो आणि उजळ जागा मरतात. टोकदार पेन्सिलीने थरावर थर द्या, आणि अधूनमधून डोळे किलकिले करून नमुना आणि चित्र दोन्ही बघा.

फांदी सकाळी तोडून लगेच पाण्यात ठेवा आणि सावल्या आधी नोंदवून घ्या. पानं तासाभरातच मान टाकायला लागतात, शिरा मात्र दुपारीही मोजता येतात.