अँजिओप्लास्टीनंतर कार्डिअ‍ॅक रिहॅब खरंच लागतं का? आई म्हणते घरकाम हाच व्यायाम

तुम्ही लिहिलंय की आईची (वय ६२) दोन आठवड्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी रिहॅब (हृदयाच्या उपचारानंतर देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि सल्ला) लिहून दिलंय आणि आई म्हणते मी दिवसभर कामच करते, वेगळा व्यायाम कशाला. डॉक्टरांनी लिहून दिलंय ना, मग न्याच त्यांना, आणि उशीर करू नका.

आमच्या ह्यांची बायपास झाली २०२२ च्या दिवाळीनंतर. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, जुनं घर, पहिला मजला, अठरा पायऱ्यांचा लाकडी जिना. हॉस्पिटलमधून सोडताना गोळ्यांचा कागद दिला आणि "थोडं थोडं चालत जा" एवढंच सांगितलं, रिहॅबचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. थोडं म्हणजे किती? घरी आल्यावर दीड महिना हे खालीच उतरले नाहीत. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची असं शिकवलं होतं, तर खोकला नसतानाही उशी मांडीवर घेऊन बसायचे. मी रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे ना बघायचे. मुलगा फोनवर म्हणायचा आराम करू दे, आणि त्या आरामानेच पाय पार गळून गेले.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी रिहॅबला पाठवलं. पहिल्या दिवशी ट्रेडमिल नाहीच, कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं जमेल तेवढं चालायला लावलं आणि अंतर मोजलं, २७० मीटर भरलं. मग आठवड्यातून तीन दिवस असे बारा आठवडे. छातीला वायरी, स्क्रीनवर ईसीजी, आधी वॉर्मअप, शेवटी वेग कमी करत करत थांबायचं, एकदम नाही. फिजिओ मुलगी सारखी विचारायची, "काका, सहा ते वीसमध्ये किती जड जातंय?" (सहा म्हणजे काहीच जड नाही, वीस म्हणजे अगदी जमेना इतकं) आणि ११ ते १३ च्या आसपास ठेवायची. बीटा ब्लॉकरच्या (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या) गोळीने नाडी मुळातच दबलेली असते म्हणून नुसत्या नाडीवर भरवसा ठेवत नाहीत, हे तिनेच समजावलं.

पाचव्या आठवड्यात तिने ह्यांना तिथल्या जिन्याने दोन मजले चढवले, वर बीपी घेतलं आणि आकडा दाखवला, बघा काही झालं नाही. त्या संध्याकाळी घरी जिन्याशी मी सवयीने हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, येतो मी." मी वर जाऊन कठड्याला धरून रडले. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच, भीती जाते, पेशंटची आणि घरच्यांचीही. बारा आठवड्यांनी तीच सहा मिनिटं, ४०५ मीटर.

नुसतं माझ्या सांगण्यावर जाऊ नका. २०२१ मध्ये कोक्रेनने (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) पेशंटवर केलेल्या ८५ चाचण्या, २३ हजारांवर पेशंट एकत्र तपासले, त्यात हृदयविकाराने जाणं, पुन्हा अटॅक, पुन्हा अ‍ॅडमिट होणं हे सगळं रिहॅबवाल्यांत कमी दिसलं. भारतातही २४ हॉस्पिटलांत जवळपास ४ हजार अटॅकच्या पेशंटना योगावर आधारलेलं रिहॅब देऊन पाहिलं (२०२० मध्ये छापून आलं), मृत्यू कमी झाले असं ठामपणे नाही दिसलं पण तब्येत बरी वाटणं आणि आपापल्या कामाला परत लागणं यात फरक पडला. आईला ट्रेडमिलची धास्ती वाटत असेल तर योगाचं विचारून बघा.

आता घरकामाचं. कणीक मळणं, बादली उचलणं, तासन् तास ओट्यापाशी उभं राहणं याने माणूस दमतो, पण किती दमतो ते कोणी मोजत नाही, आणि श्वास रोखून जोर लावला की बीपी उलट चढतं. रिहॅबमध्ये भार बघून बघून वाढवतात. शिवाय बायकांना रिहॅबला पाठवतातच कमी, गेल्या तरी मधेच सोडतात कारण घरचं कोण बघणार. म्हणून आईला सांगा की ते तीन दिवस स्वयंपाक आम्ही करू, आणि खरंच करा.

तिथे डाएटिशियनही भेटतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा, आणि आमच्या बडोद्यात फरसाण, पापड, लोणच्यातच ते संपतं. ते बंद करणं आम्हाला व्यायामापेक्षा अवघड गेलं, अजून सेव उसळीच्या दुकानासमोरून जाताना ह्यांची पावलं हळू होतात.

आता आम्ही दोघं सकाळी कमाटीबागेत चालतो. चालताना बोलता यायला हवं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. छातीत दाब, चक्कर किंवा घाम सुटला तर तिथेच थांबायचं, थांबूनही कमी नाही झालं तर लगेच १०८.

पहिल्या दिवशी डिस्चार्जची फाइल, इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आईला साडी नको, पंजाबी ड्रेस आणि मागून बंद असलेले बूट घाला, ट्रेडमिलवर पदर अडकतो.